ताशी पंचवीस हजार

३ ऑगस्ट, सोमवार

निवड परीक्षेचे पेपर तपासून संपवले एकदाचे! निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी विज्ञान स्पर्धेला कुठली मुलगी पाठवायची हे ठरवायला शाळेला मीच लागते. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू.

जागा एकच. माझी नात आणि ती पेन्सिल कुरतडणारी — वर्ग तिला खारूताई म्हणतो — शेवटच्या प्रश्नापर्यंत बरोबरीत. प्रश्न सोपा. यान ताशी तीस हजार किलोमीटर वेगाने निघालं, तर पृथ्वीच्या ओढीतून सुटेल का? नातीने लिहिलं, सुटेल. मुक्तिवेग ताशी पंचवीस हजार. खारूताई म्हणते, सुटणार नाही! बाकीच्यांनी प्रश्न सोडूनच दिलाय. खारूताईला शून्य दिलं. वर लाल शाईने शेरा — ‘यान राहू दे, आधी स्वतः जमिनीवर ये.’

मुख्याध्यापिका माझ्याच हाताखाली शिकलेली. म्हणाली, “बाई, नात आहे. लोक बोलतील.”

“बोलू देत. सख्ख्या मुलाला नापास केलंय मी!”

तिने निकालावर सही केली.

४ ऑगस्ट, मंगळवार

वर्गात निकाल वाचला. खारूताई उभी राहिली. “बाई, पण ते एकक—”

“एकक तू मला शिकवणार? खाली बस.”

वर्ग खो-खो हसला. ती बसली. कानाच्या पाळ्या लाल.

नात हसली नाही. घरीही मान खाली घालून जेवली. मुलाचे मात्र सगळ्या नातेवाइकांना फोन करून झाले. पोरीला गर्व नाही, शहाणी आहे.

५ ऑगस्ट, बुधवार

ते ‘पण एकक’ डोक्यातून जाईना. कपडे वाळत घालताना तोंडी हिशेब केला. मुक्तिवेग सेकंदाला अकरा पूर्णांक दोन किलोमीटर. तासाचे सेकंद छत्तीसशे. गुणाकार — चाळीस हजार तीनशे वीस!

पुन्हा केला. तेवढेच. चिमटा हातात, चादर जमिनीवर.

मग माझे पंचवीस हजार आले कुठून?

मैल! कॉलेजात सरांनी घोकून घेतलं होतं — सेकंदाला सात मैल, ताशी पंचवीस हजार. आकडा डोक्यात राहिला, मैल वाटेत गळून पडले. पुस्तक उघडून बघायची गरज काय, मला सगळं पाठ! जेवणाच्या टेबलावर नातीलाही हजारदा ऐकवलंय.

जन्मभर एकक नाही म्हणून पोरींचे गुण कापले. “पाच काय? पाच बटणं की पाच हत्ती?” — हा माझा ठेवणीतला विनोद. आणि मी!

ताशी तीस हजार किलोमीटर म्हणजे सेकंदाला सव्वाआठच्या जरासं वर. कुठलं सुटतंय यान. खारूताई बरोबर होती, आणि मी तिला चारचौघींत खाली बसवलं.

नाव शुक्रवारी पाठवायचं आहे. कुणालाच काही कळलेलं नाही. — हे वाक्य मी लिहिलं! शी.

६ ऑगस्ट, गुरुवार

शाळेत गेले नाही. गुडघा दुखतो म्हणून सांगितलं. गुडघा ठणठणीत आहे.

७ ऑगस्ट, शुक्रवार

गेले.

मुख्याध्यापिका म्हणाली, “जाऊ द्या हो बाई. या वयात उगाच शोभा कशाला?” म्हटलं, होऊ दे शोभा. पोरीची झाली तेव्हा वय विचारलं होतं का मी?

फळ्यावर पंचवीस हजार लिहिलं. पुढे मोठ्या अक्षरात — मैल. खाली चाळीस हजार तीनशे वीस — किलोमीटर. खडू दोनदा मोडला. “चूक माझी. उत्तर हिचं बरोबर. स्पर्धेला हीच जाणार.”

मागून एकीने विचारलं, “बाई, म्हणजे तुम्हाला शून्य?”

“शून्य.”

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

खारूताईची सगळ्यांसमोर माफी मागितली. तिला माफीचं काय करावं ते कळेना. हळूच म्हणाली, “बाई, तो शेरा तेवढा खोडाल? पेपर घरी दाखवायचाय.”

खोडला. लाल शाई पुरती झाकली जात नाही.

नातीकडे बघायचं धाडस झालं नाही. घरी मुलगा एकच वाक्य बोलला — “तिलाही सोडलं नाहीस ना, आई.”

८ ऑगस्ट, शनिवार

सकाळी नातीला जवळ बसवलं. म्हटलं, माझ्यामुळे चुकलीस गं. माझाच चुकीचा आकडा तू लिहिलास.

“नाही आजी. मला चाळीस हजारच आले होते. मग खोडले.”

“बरोबर होतं ते! का खोडलंस?”

“तू तपासणार होतीस ना.”