डाव्या हातातल्या बांगड्या

४ मार्च

कामावर परत जायला लागून आठवडा झाला. तपासणीची खोली होती तशीच आहे — टेबल, लाकडी ठोकळे, गोट्या, पाण्याचे दोन पेले. पक्षाघात झालेला माणूस समोर बसतो, हाताने काय काय जमतं ते करून दाखवतो आणि मी गुण देते. बाकी बोलणं नाही. आमच्या संशोधनाचा नियमच तसा. निम्म्या पेशंटना फक्त नेहमीचे व्यायाम. उरलेल्यांना व्यायाम, शिवाय चांगल्या हातावर घरी जाड मोजा चढवून ठेवायचा, म्हणजे अधू हाताला काम करावंच लागतं. कोण कुठल्या गटात ते मला कळता कामा नये, नाहीतर गुण देताना मन झुकतं. म्हणून सगळ्यांना बजावलेलं असतं — नयना मॅडमना काही सांगायचं नाही, काही विचारायचं नाही.

शेजारच्या हॉलमध्ये गुंडो व्यायाम घेतो. कोण कुठल्या गटात ते त्याला माहीत असतं, मला नाही. "काय आंधळ्या बाई, जेवलीस का?" असं पूर्वी रोज चिडवायचा. आता चिडवत नाही. नुसता डबा पुढे सरकवतो.

मला ती खोली बरी वाटते. तिथे गिरीराजचा विषय कुणी काढत नाही.

५ मार्च

घरी सासूबाई आणि मी. टीव्ही चालू असतो, त्यामुळे बोलावं लागत नाही.

संक्रांतीनंतरच्या सोमवारी मी लवकरच्या ड्यूटीला निघाले तेव्हा गिरीराज झोपलेला होता. उठवलं नाही. तो होसकोट्याला कारखान्यात पोचला आणि तिथेच कोसळला. त्याच्या शेवटच्या सकाळी घरात फक्त सासूबाई होत्या. मी काही विचारलेलं नाही. त्यांनीही सांगितलेलं नाही. माझ्याकडे नीट बघतसुद्धा नाहीत. रागावल्या असतील — बायको घरी असती तर, असं वाटत असेल. मलाही वाटतंच.

७ मार्च

आज फार विचित्र झालं.

चिकपेटच्या अंबूबाई मधल्या तपासणीला आल्या. पिढ्यानपिढ्या इथलेच मराठी लोक, घरचं साड्यांचं दुकान. जानेवारीत, गट ठरायच्या आधी, पहिल्यांदा आल्या तेव्हा मेट्रोतली गर्दी, सुनेने खारट केलेलं सारू, सगळं ऐकवलं होतं. आज मात्र तोंड मिटून. एकदा माझ्याकडे बघितलं आणि नजर ठोकळ्यांवर ठेवली.

अधू हाताआधी आम्ही चांगला हात तपासतो. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला. मनगट रिकामं! उजव्या हातातल्या बांगड्या तर सूज आली तेव्हाच कापून काढलेल्या. पण डाव्या हातात जानेवारीत संक्रांतीसाठी भरलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. पदर गळ्यापर्यंत ओढलेला, त्यामुळे मंगळसूत्रही दिसेना. हल्ली माझी नजर आधी तिथेच जाते.

नियम विसरले. विचारलं, "अंबूबाई, यजमान बरे आहेत ना?"

"त्यांना काय होतंय? बाहेर बसून इडली खाताहेत की." मग माझी नजर कुठे आहे ते त्यांना कळलं. हात ओढून पदराखाली घेतला. "हे विचारू नकोस अक्का. सांगायचं नाही म्हटलंय."

तेवढ्यात दिसायचं ते दिसलं होतं. मनगटाभोवती इलॅस्टिकचा वळ आणि घामोळं. बांगड्यांवरून मोजा चढत नाही म्हणून काढलेल्या.

मग उजवा हात. पेल्यातून पाणी ओतताना जरा थरथरला, थोडं सांडलं. मी तीन गुण दिले. पूर्ण. मोज्याचं कळलं नसतं तर दोन दिले असते.

८ मार्च

सांगितलं तर खोली जाईल. मला हॉलमध्ये टाकतील. तिथे दिवसभर गप्पा, प्रत्येकाची विचारपूस. काय झालं, कसं झालं, मुलंबाळं किती. मला नाही जमणार.

नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. पण उद्या किती जणांना हा मोजा द्यायचा, की द्यायचाच नाही, ते या गुणांवरून ठरायचंय. मला त्या बाईचा हात बरा व्हायला हवा होता म्हणून मी तीन लिहिले. यात तपासणी कुठे राहिली?

९ मार्च

रविवार. कपडे धुतले. त्याचा एक शर्ट बादलीत निघाला. कुणी टाकला, विचारलं नाही.

१० मार्च

सांगितलं.

डॉ. शाल्मलींनी अंबूबाईंचा गुणांचा कागद बाजूला काढला. संशोधन त्यांचं, त्रास त्यांनाच. म्हणाल्या, "नियमांची एवढी पानं लिहिली आपण दोघींनी. दोघी बायका. आणि बांगड्या एकीलाही सुचल्या नाहीत?"

आता दोन्ही गटांतल्या सगळ्यांनी तपासणीआधी बांगड्या, घड्याळ काढायचं, मनगटाला पट्टी बांधायची. अंबूबाईंची तपासणी दुसरं कुणीतरी नव्याने करेल. आणि मी हॉलमध्ये.

१२ मार्च

हॉल. गुंडो म्हणाला, "दृष्टी आली म्हणायची बाईंना." मग लगेच गोरामोरा झाला. मला हसू आलं. किती दिवसांनी!

१७ मार्च

अंबूबाईंचा व्यायाम आज माझ्याकडे. वाटीतले राजमे उजव्या हाताने एकेक उचलून द्यायचे. चार-पाच झाले आणि थांबल्या.

"आता तुझ्याशी बोलायला चालतं?"

चालतं म्हटलं.

"त्या दिवशी तुझा गळा बघितला मी. आधी होतं मंगळसूत्र. घरी जाऊन जेवण गेलं नाही बघ. पण विचारायचं नाही म्हटलेलं, मग कसं विचारायचं? तुला वाटलं असेल, म्हातारी दगड आहे." तोच थरथरणारा हात माझ्या हातावर ठेवला. "नाव काय गं त्यांचं?"

गिरीराज, म्हटलं. मोठ्याने उच्चारलंच नव्हतं इतक्यात.

येताना बसमध्ये एकच डोक्यात — गप्प बसलेलं माणूस रागावलेलंच असतं असं मी का धरून चालले?

१८ मार्च

टीव्ही बंद केला आणि सासूबाईंना विचारलं, "आई, त्या सकाळी काय झालं?"

त्या भिंतीकडे बघत म्हणाल्या, "डावा हात दुखतोय म्हणाला. मी बाम चोळला. नयनाला फोन लावू का म्हटलं, तर नको म्हणाला, तिची पेशंटची वेळ आहे."

इतके दिवस एकटीच हे घेऊन बसली होती ही बाई. बामची बाटली फ्रिजवर तशीच आहे. आज मी ती उघडून त्यांच्या गुडघ्यांना बाम लावला.