आईच्या पायाखालची सावली

कोतो, टोकियो
दि. २९ सप्टेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमच्या आल्बमचं पहिलं पान मेलवर मिळालं. खोटं कशाला बोलू, बघून मी आणि सत्यजित दोघंही हसलो. फोटोला सावली, फुलांना सावली, अक्षरांनासुद्धा सावली, आणि सगळ्या काळ्याकुट्ट. तुमच्या लग्नाच्या पानावर आभाळ भरून आलंय. पण बँकेतून रिटायर झाल्यावर कॉम्प्युटरवर एवढं जमवलंत, याचं कौतुकही तेवढंच आहे.

आता नीट ऐका. पानाला खोली सावलीमुळेच येते, पण उजेड कुठून येतोय ते आधी ठरवायचं. तो डावीकडून आला की झाडून सगळ्या सावल्या उजवीकडे. बटण कागदाला चिकटलेलं असतं, त्याची सावली बारीक आणि गडद. फोटोचा कोपरा उचललेला असला की तिथली सावली पसरट आणि फिकी. काळा रंग घेऊच नका, कागदाचाच रंग गडद करा. प्रत्येक वस्तू वेगळ्या थरावर ठेवा, म्हणजे एक बिघडली तर दुसरीला धक्का लागत नाही. पाठवताना मात्र सगळे थर एकत्र करा, नाहीतर फाइल उघडायला इथे युगं लागतात.

पानाच्या मागच्या कागदासाठी मी इथला नक्षीचा कागद आणला आणि कोन्बिनीतल्या, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातल्या, मशीनवर स्कॅन केला. तन्वी मदतीला बसते. मी मराठीत विचारते, ती जपानीत उत्तर देते, काम होतं.

चोवीस नोव्हेंबरला तुमच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील आणि मी तिथे नसेन, हे मला फार लागतंय. नोकरी नवी आहे, आमचे साहेब मोरी-सान सुट्टी देणार नाहीत. म्हणून निदान हा आल्बम तरी धड होऊ दे. आई बीपीची गोळी चुकवते का ते खरं खरं कळवा.

आशीर्वाद असू द्या, आणि हसले म्हणून फुगून बसू नका.

तुमची,
कस्तुरी


पुणे
दि. ३ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. कस्तुरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळी ठीक झाली. चकल्या यंदा विकतच्याच आणल्या, आता कोण एवढा खटाटोप करणार. तू फोन केलास की आई नेमकी झोपलेली तरी असते नाहीतर आंघोळीला तरी गेलेली असते, त्याला मी काय करू? शिवाय तिचा घसा बसलाय, म्हणून डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय. बाकी काही नाही. व्हिडिओचा हट्ट धरू नकोस.

सावल्या आता जमतात. परवाचं पान बघ, रिबन फोटोवरून कशी गेली आहे आणि तिची सावली किती हलकी आहे. तुझ्या आईने मान डोलावली.

एक शंका आहे. समजा, एका फोटोतला माणूस कापून दुसऱ्या फोटोत बसवला, तर त्याच्या पायाखाली सावली कशी द्यायची? फुलासारखी दिली की माणूस अधांतरी दिसतो. सहजच विचारतो आहे. आपले बाळासाहेब एका ग्रुप फोटोत नव्हते, त्यांना घ्यावं म्हणतो.

सत्यजितरावांना नमस्कार, तन्वीला गोड पापा. तब्येतीला जप, उगाच नसत्या शंका काढत बसू नकोस.

तुझे,
बाबा


कोतो
दि. १ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,
शि. सा. न.

लग्नाच्या वाढदिवसाचं पान काल मिळालं. सगळी मंडळी, मधोमध तुम्ही आणि आई. मी आधी खूश झाले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच आईचा चेहरा दिसत होता. तन्वीलाही हाक मारून दाखवला.

थर एकत्र करायचे तुम्ही विसरलात, बाबा. हाराची सावली जरा सरकवावी म्हणून मी एक थर बंद केला आणि आई नाहीशी झाली. मागे नुसती खुर्ची. तुम्ही शेजारी बसलेले आणि तुमचा हात त्या रिकाम्या खुर्चीच्या दांड्यावर. थर चालू केला की आई येत होती, बंद केला की जात होती. किती वेळ मी तेच करत बसले होते कोण जाणे. तन्वीने विचारलं, आजी कुठे गेली, आणि ते तिने मराठीत विचारलं.

ती निळी साडी गेल्या मे महिन्यातली आहे, आपण सगळे जेवायला गेलो होतो तेव्हाची. पायाखालची सावली उत्तम जमली आहे. पायाशी गडद, पुढे फिकी होत गेलेली. तुम्ही विचारलंत आणि मीच मेसेजवर शिकवलं. बाळासाहेबांचं नाव सांगून मला बनवलंत.

लगेच फोन केला तर लिहून कळवतो म्हणालात आणि ठेवून दिलात. तेव्हापासून उचलत नाही आहात. लिहूनच कळवावं असं काय झालंय? आई आहे ना? आधी एवढंच सांगा. माझं रागावणं मागून येईल.

कस्तुरी


पुणे
दि. १ डिसेंबर २०२४

चि. कस्तुरीस आशीर्वाद.

आई आहे.

फोनवर मला बोलता आलं नसतं, म्हणून ठेवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चहा करताना तिच्या हातातून पातेलं पडलं आणि तीही खाली बसली. अर्धांगाचा झटका होता. उजवी बाजू गेली. हॉस्पिटलमधून दिवाळीच्या आधी घरी आणलं. आता काठी घेऊन बाथरूमपर्यंत जाते. तोंड एका बाजूला ओढलं गेलंय आणि बोलणं जड झालंय. जयंतीबाई दिवसभर असतात, मालिश करतात. डॉक्टर म्हणतात सुधारेल, पण सावकाश.

तुला कळवायचं नाही, अशी तिने मला शपथ घातली. मागे ती बाथरूममध्ये पडली तेव्हा तू नोकरी सोडून धावत आलीस आणि परत गेल्यावर कितीतरी दिवस नोकरीसाठी वणवण केलीस. ते तिच्या मनात सलतं आहे. नातेवाइकांची तोंडंही मीच बंद केली.

लग्नाच्या वाढदिवसाला मंडळी आली तरी ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही. असं तोंड घेऊन फोटोत बसायचं नाही म्हणाली. फोटोग्राफर खुर्ची उचलायला लागला तेव्हा मी त्याला नको म्हणालो. तुला फसवायचं होतं हे खरंच आहे. पण तिला त्या खुर्चीत बसवताना आणि तिच्या पायाखाली सावली भरताना मला फार बरं वाटत होतं, तेही खरं आहे. तू रागाव. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवणार आहे. मग ती मला काय म्हणायचं ते म्हणो.

बाबा


पुणे
दि. ४ डिसेंबर २०२४

चि. सौ. कस्तुरीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

मी बोलते आहे आणि तुझे बाबा टाइप करताहेत. एकेक वाक्य चार-चारदा विचारून माझा जीव खाताहेत, तरी मी सोडणार नाही. मध्ये त्यांनी पदरचं काही घातलं असेल तर ते माझं नव्हे.

शपथ मी घातली होती, तेव्हा त्यांना बोलू नकोस. पण मला कापून खुर्चीत चिकटवा असं मी म्हटलं नव्हतं. ते पान त्यांनी मला कौतुकाने दाखवलं होतं. चांगलं दिसतंय म्हणाले. मला वाईट वाटलं. आतल्या खोलीत एक जिवंत बाई बसलेली असताना बाहेर मे महिन्यातली बसवून घेतली आणि कोणाचं काही अडलं नाही, असं मनात आलं. तेव्हा बोलले नाही, कारण बोलले तरी कुणाला कळत नाही. आज बोलते. तुझे बाबा इथे टाइप करायचे थांबलेत, त्यांना पुढे लिहा म्हटलं.

तुझं तिकीट काढून झालंय असं कळलं. रद्द कर म्हणणार होते, तसं आता म्हणत नाही. ये. मोरी-सान सुट्टी देताहेत ना, ते मात्र स्पष्ट विचारून घे. तन्वीला घेऊन ये, पण तिला आधी सांगून ठेव, आजीचं तोंड वाकडं आहे म्हणून. पोर घाबरायला नको.

रविवारी व्हिडिओ लाव, मी समोर बसते. पहिल्यांदा तू रडशील, ते उरकून घे. मग मी बोलेन. जड बोलते, अर्धं तोंडातच राहतं. इथे येणारे-जाणारे सगळे हो हो म्हणतात आणि मला कळतं की त्यांना काही कळलेलं नाही. तू हो म्हणू नकोस. नाही कळलं तर नाही कळलं म्हण, परत विचार. मी परत सांगेन.

तुझी,
आई