बाहीची नोंद

धुळे,
११ फेब्रुवारी १९९०

ती. तोताराम आबांना साष्टांग नमस्कार.

मी इथे भावाकडे आहे. जबडा तारेने बांधलाय, त्यामुळे पेज पितो. शिंक आली की बरगडी जीव काढते, बाकी ठीक. तुमचा खांदा कसा आहे? एवढ्यात केळीचे घड उतरवायला जाऊ नका. बेबाकाकूंना नमस्कार सांगा.

हे पत्र लोटनच तुम्हाला वाचून दाखवत असेल, डाव्या हातात कागद धरून. दवाखान्यात तुम्हीच म्हणाला होतात, "घरी आलेलं पत्र, कागद, बठ्ठं तोच वाचते."

लोटनच्या वर्गातल्या पोरांनी मला मारलं त्याचा राग नाही. तुम्ही लोटनचं सामान न्यायला कॉलेजात आलात, त्याच वेळी ती वर्कशॉपात घुसली होती. "आम्हाला का नाही दाखवलं?" असं विचारत त्यांनी हातोड्याने टीव्ही फोडला, व्हिडिओ फोडला, कॅसेटींच्या फिती उपसून काढल्या, मग माझ्याकडे वळली. मी खाली पडलो तरी लाथा थांबल्या नाहीत. दात सुटा झालेला जिभेला कळला. तेवढ्यात तुम्ही माझ्या अंगावर आडवे पडलात. "त्याले मारू नका रे. माह्या पोराचीच चूक आहे." माझ्यावर उगारलेली सळई तुमच्या खांद्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी तुमच्याखाली पडून ऐकला.

आबा, चूक त्याची नव्हती.

त्या कॅसेटी मी केल्या होत्या. जळगावात लग्नाचं शूटिंग करणारा वना आहे, त्याला बोलावून लेथ, म्हणजे लोखंड कातायचं यंत्र, कसं चालवायचं ते टिपून घेतलं. तोंडी सूचनांनी पोरं शिकत नाहीत, डोळ्यांनी पाहून शिकतात, हे मला सिद्ध करायचं होतं. म्हणून वर्गाच्या दोन तुकड्या केल्या. 'अ' तुकडीला कॅसेट दाखवली. 'ब'ला नेहमीसारखं तोंडी सांगितलं, तेही एकदाच, यंत्रांच्या गोंगाटात. मग दोघांच्या चुका मोजायच्या. कॅसेटीत मी स्वतः स्वेटर काढतो, बाह्या कोपराच्या वर दुमडतो आणि मगच लेथ सुरू करतो. लोटन 'ब'मध्ये होता.

त्या सकाळी थंडी होती. काकूंनी विणलेला स्वेटर घालून तो लेथपाशी उभा राहिला. चौकशी समितीला मी सांगितलं की माझं लक्ष दुसरीकडे होतं. ते खोटं आहे. मी चार पावलांवर वही घेऊन उभा होतो. लोंबती बाही मला दिसली. तोंड उघडलं आणि मिटलं, कारण बोललो असतो तर मोजणी बिघडली असती. वहीत लिहिलं, 'बाही मोकळी'. पुढे वेळ टाकत होतो, तोच फिरत्या यंत्राने बाही धरली. लोकर आणि हात कोपरापर्यंत एकत्र गुंडाळले गेले. मी बटण दाबेपर्यंत हाडं फुटत होती. रक्त वहीवर उडालं. मी आधी ते पान फाडून खिशात घातलं आणि मग त्याला धरलं.

प्रयोगाचं म्हणाल तर मी बरोबर ठरलो. 'अ' तुकडीत एकालाही खरचटलं नाही.

हात कापल्यावर शुद्धीत आला तेव्हा लोटन मला म्हणाला, "सर, माझंच चुकलं." मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्याला तेच खरं वाटू दिलं. इतका नालायक माणूस मी आहे.

समिती 'विद्यार्थ्याची हयगय' असं लिहून त्याला कॉलेजातून काढणार आहे. १९ तारखेला, सोमवारी, सह्या होतील. ते पान सोबत पाठवतोय. ते घेऊन त्या दिवशी तुम्ही दोघं कॉलेजात या. मी येणारच आहे, पण पुन्हा घाबरलो तर ते तुमच्या हातात असावं.

लोटन, बापाला जपायचं म्हणून वरचं काही गाळलं असशील, तर मागे जा आणि मोठ्याने वाच. त्यांनी कोणाच्या अंगावर पडून खांदा मोडून घेतला, हे त्यांना कळलं पाहिजे.

चार पावलांवर उभा असलेला,
अभिमन