पॅराग्वेचा झेंडा आणि दोन कात्र्या

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकोणऐंशी, धंदा झेंडे शिवणे, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, राजीखुशीने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. दिवंगत पत्नीचे मत वेगळे होते, पण तिला आता विचारता येत नाही. मी आजारी नाही, थकलो आहे. या दोन्हींतला फरक डॉक्टरांना अजून पटलेला नाही.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

कलम १. राहते घर मुलीला. घर म्हणजे चिली देश आहे. लांबी संपता संपत नाही, आणि रुंदी अशी की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाने मागे सरायचे. मुलगी विचारते, "बाबा, यात माझं कपाट कुठं ठेवू?" ते तिचे तिने बघावे. चिलीवाले एवढ्या डोंगरांसकट मावतातच ना.

दाखले दक्षिण अमेरिकेचे का, तेही सांगून ठेवतो. त्या खंडातल्या सगळ्या देशांचे झेंडे मी आणि धाकट्या भावाने एकदा एका क्रीडास्पर्धेसाठी शिवले. ऑर्डर घेऊन आलेले क्रीडाशिक्षक बोलके होते. मापाबरोबर माहितीही देऊन गेले. कापड संपले, माहिती उरली.

कलम २. बँकेतली शिल्लक मुलगी आणि पुतणी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. पुतणी ही माझ्या भावाची मुलगी, आणि आमच्या कुटुंबातली ब्राझील. त्या खंडात चिली आणि इक्वेडोर सोडले, तर ब्राझीलची हद्द प्रत्येक देशाला लागते. आमच्याकडेही कोणाचे कोणाशी पटो न पटो, हिचा पाय सगळ्यांच्या घरात. तिच्यामुळेच मला भावाची खुशाली कळते.

कलम ३. मोजपट्टी जावईबापूंना. एव्हरेस्ट सगळ्यांत उंच खरे, पण पृथ्वीच्या मध्यापासून सर्वांत दूर असलेला माथा इक्वेडोरमधल्या चिंबोराझो पर्वताचा आहे. कारण पृथ्वी कंबरेत सुटलेली आहे. शिंप्याला यात नवल वाटत नाही. जावईबापूंनी अधूनमधून पट्टी लावून पाहावी. राग मानू नये.

कलम ४. आता भाऊ. हे कलम लिहायला मी फार दिवस लावले.

पॅराग्वेच्या झेंड्यावर मधोमध चित्र असते. त्याचा एक फोटो शिक्षकांनी माझ्याकडे दिला, दुसरा मागाहून भावाकडे पाठवला. मी तारा भरला, त्याने सिंह. जोडायला बसलो तेव्हा तो म्हणाला, "दादा, हा तारा कुठून काढलास? तिथं सिंह आहे. मागे काठीवर लाल टोपी."

"झेंड्यावर टोपी? डोळे तपासून घे आधी."

"तुझाच चष्मा बदल!"

आमच्या घराण्याची रीत अशी, की ज्याचे चुकले त्याने कात्री खाली ठेवायची आणि सगळ्यांना चहा सांगायचा. विषय तिथेच संपला. आजोबांनी ठेवली, वडिलांनी तर कितीदा. त्या दिवशी आम्हा दोघांपैकी कोणी ठेवेना. शब्दाने शब्द वाढला, आणि दुकानाच्या मधोमध प्लायवूडचे पार्टिशन उभे राहिले.

मग शिक्षक आले. पार्टिशनच्या दोन्ही बाजूंना डोकावून हसू लागले. म्हणाले, "अहो, दोघांचंही बरोबर आहे. या झेंड्याला पुढे तारा आणि मागे सिंह असतो. दोन बाजूंना दोन चित्रं."

घोडे पेंड खाते ते इथेच. एक जण चुकला असता तर चहावर मिटले असते. चुकलेच नाही कोणी, मग कात्री ठेवायची कोणी? चूक नसताना नमते घ्यायची रीत आम्हाला कोणी शिकवली नव्हती. पार्टिशन राहिले. पलीकडचे मशीन रोज ऐकू येते. ते मध्येच थांबले की माझा पायही थांबतो, पुन्हा सुरू होईपर्यंत.

बोलिव्हियाचा समुद्रकिनारा लढाईत गेला, त्याला शंभरावर वर्षे झाली. तरी त्यांनी आरमार मोडले नाही, तलावात ठेवले आहे. मी भावाचे स्टूल ठेवले. बायको म्हणायची, "एक तर भावजींना हाक मारा, नाहीतर ते स्टूल तरी मोडा. येताजाता ठेचा लागतात." दोन्ही झाले नाही.

कलम ५. भावाला मी काहीही देत नाही. दोऱ्याचा तुकडाही नाही. नीट वाचावे. वकिलांनी सांगितले, की ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, आणि साक्षीदाराने मला सही करताना समोर बसून पाहावे. म्हणून देत नाही. एक साक्षीदार चहावाले आहेत. दुसरी जागा भावाची आहे, तिथे दुसरा कोणी चालणार नाही.

वकील म्हणाले, "अहो काका, ते आलेच नाहीत तर हा कागद रद्दी!"

"रद्दी तर रद्दी," मी म्हटले. मुलीला घर मिळायला त्रास होईल, हे मला कळते. तिलाही सांगितले आहे. ती म्हणाली, "थांबू या, बाबा." पुतणीबरोबर निरोप गेला आहे.

तो आला तर मी माझी कात्री त्याच्यासमोर खाली ठेवणार आहे. चुकलो म्हणून नव्हे. हात दमला, आणि मला माझा भाऊ हवा आहे.

सही : मोठा भाऊ, शिंपी

साक्षीदार १ : चहावाले. समक्ष पाहिले. सही.

साक्षीदार २ : धाकटा भाऊ, शिंपी. दादाने माझ्या डोळ्यांदेखत सही केली. सिंहाचे काम चांगले झाले होते, हे लिहायचे राहिले आहे. माझीही कात्री टेबलावर आहे. चहा मी सांगितला. सही.

दिनांक : ११ मार्च

स्थळ : आमचे दुकान. (आधी 'माझे' लिहिले होते, ते खोडले आहे. खाडाखोडीखाली दोघांच्या सह्या.)