भिंतीपलीकडचा कारखाना

प्रिय ठमे,

फोनवर माझं बोलणं नेहमी अर्धवटच राहतं. तुझा लेक मध्येच फोन ओढतो आणि मग मला मांजराचे आवाज काढून दाखवावे लागतात. म्हणून आज सरळ कागद घेऊन बसले आहे.

आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे नळांचा कारखाना आहे, आठवतो ना? इतकी वर्षं भूमिती शिकवताना मी त्याच्या घरघरीवर आवाज चढवत आले. यंदा दहावीच्या मुलांना पुढे काय काय करता येईल ते दाखवायचं ठरलं. डॉक्टर येऊन बोलले, बँकेचे साहेब बोलले, मुलांनी मनसोक्त जांभया दिल्या. मग मनात आलं, भिंतीपलीकडेच का नेऊ नये? मुख्याध्यापकांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण तुझी आई किती चिवट आहे ते तुला माहीतच आहे.

काय सांगू तुला! वितळलेलं पितळ साच्यात ओतताना बघून वर्ग डोक्यावर घेणारी कार्टी चिडीचूप. मग तो ओबडधोबड तुकडा यंत्रावर फिरतो, सोनेरी कीस उडतो, आणि शेवटी तयार नळ पाण्यात बुडवून आत हवा सोडतात. बुडबुडा दिसला की नळ बाद. कारखाना म्हणजे नुसती हमाली असं समजून आलेल्या मुलांना तिथे आराखडे काढणारे भेटले, साचे घडवणारे भेटले, संगणकावरून यंत्र चालवणारेही भेटले. वर्गात कधी तोंड न उघडणारी आमची एक मौनीबाई आहे. ती तिथल्या सुपरवायझर ताईंना जी चिकटली ती सोडेचना. हे असं का, ते कसं, हे शिकायला कुठे जायचं? ताई मला म्हणाल्या, "बाई, हिला इथेच ठेवून जा."

दुसऱ्या दिवशी मौनीबाईचे वडील शाळेत हजर. ते शिंपी आहेत. पोरीनं घरी कारखान्याचाच धोशा लावला होता. माझ्या मुलीनं तेलात हात घालायचे का, तिच्या डोक्यात हे खूळ तुम्हीच भरवलंत, असं बरंच काही ऐकून घेतलं मी. मग म्हटलं, वाद नको, चला बघायला. ते सगळीकडे फिरले, पण चेहरा आंबटच. ताईंपाशी येऊन थांबले आणि त्यांच्या कोटाकडे टक लावून बघू लागले. मला वाटलं, आता इथे तमाशा होणार.

"हा कुणी शिवलाय?" त्यांनी विचारलं. "फिरत्या यंत्रापाशी एवढी ढगळ बाही? अडकेल की."

खिशातून टेप निघाली आणि तिथल्या तिथे मापं सुरू झाली. मापं घेता घेता यंत्र पटकन थांबवायचं कसं, मुलींना कुठली शिफ्ट असते, शिकाऊ म्हणून कधी घेतात, सगळं विचारून झालं. निघताना मला म्हणाले, "बाई, मीही जन्मभर मशीनवरच बसलो. तिचं मशीन जरा मोठं, एवढंच."

मी रस्त्यातच हसले, आणि डोळेही पुसले.

आता खरं सांगते. कारखान्याच्या मालकीणबाई आसपासच्या सगळ्या शाळांतल्या मुलांसाठी कायमची कार्यशाळा उघडताहेत. तिथे मुलांशी बोलणारं, त्यांच्या आईवडिलांना पटवणारं कुणीतरी त्यांना हवं होतं. त्यांनी मला विचारलं, आणि मी तुला न विचारताच हो म्हणून बसले. आता निवृत्त झाल्यावर मी तुझ्याकडे राहायला येणार म्हणून तू खोली रंगवून घेतलीस, जावईबापूंनी माझ्यासाठी खुर्ची आणली, हे सगळं मला कळतं. सुट्टीत येईनच, पिल्लाला तसं सांग. पण ठमे, या वयात मला कुणीतरी नवी नोकरी दिली आहे, आणि ती मला मनापासून हवी आहे.

तुझीच,
सोमवारपासून पुन्हा कामावर जाणारी आई