किन्नरीची तार

शुक्रवार, संध्याकाळ

खराडीच्या कंपनीतला कौस्तुभ आज किन्नरी न्यायला आला. देवळातल्या शिल्पावरून घडवलेली वीणा. तिन्ही भोपळे मापात, खुंट्यासुद्धा शिल्पात आहेत तशाच. कोणाकडे शिकलो नाही, तरी मापात चूक काढून दाखवावी कोणी.

म्हणाला, "काका, रिसेप्शनच्या भिंतीवर लावायचीय. तारा नसल्या तरी चालेल."

"मग मंडईतून भोपळेच न्या. स्वस्त पडतील."

हसला बिचारा.

खरं तर ती तार मीच अजून ऐकलेली नव्हती. आपणच छेडली की ती हाताला कळते, कानाला नाही. दर नव्या वाद्याला वसुधा बाहेरच्या खोलीत बसून तार छेडायची आणि मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायचो. "लवकर ऐका हो, भाजी करपतेय," म्हणायची. ती गेल्यानंतरचं हे पहिलंच वाद्य.

शेवटी कौस्तुभलाच बसवलं आणि दारात जाऊन उभा राहिलो. त्याने भीतभीत तार छेडली. सूर स्वच्छ आला, बराच वेळ टिकला. मागे गॅस बंद, ओटा कोरडा.

"कशी वाटतेय, काका?"

"तारेखालची घोडी अजून घासावी लागेल. रविवारी परत या. छेडायला माणूस लागतो."

"येतो की."

घोडीत काहीही दोष नाही. मग खोटं का बोललो मी? माझ्या कामात खोट काढली, तीही मीच.

रविवारी तो आला की आधी गॅसवर भाजी ठेवीन, मग दारात उभा राहीन.