एकतीसांतले बारा

३ जून, संध्याकाळी
निर्णय पक्का. आमच्या गायनसमूहाच्या कार्यक्रमात कीबोर्ड सुरांच्या माझ्या स्वतःच्या रचनेत वाजणार. सगळीकडे सप्तकाचे बारा सारखे तुकडे करतात, त्यातला जवळजवळ प्रत्येक सूर थोडा बेसुरा असतो, पण लोकांना सवय झाली आहे. मी एकोणीस तुकडे करणार. पट्ट्या बाराच, म्हणून एकोणीसांतले बारा निवडायचे. कीबोर्डवर प्रत्येक सूर वरखाली सरकवता येतो. रविवारपर्यंत संपेल.
हिला सांगितलं. ही म्हणाली, लग्नानंतर पहिल्यांदा मला एकटीला गाणं मिळालंय, त्यात घोळ घालू नका. म्हटलं, घोळ निघावा म्हणूनच चाललंय.

७ जून
एकोणीस रद्द. बावीस घेतले.
हिनं रियाज थांबवून विचारलं, कालचा गंधार कुठे गेला? समजावलं की गेला नाही, सरकला. म्हणाली, पुन्हा सरकणार असेल तर आधी सांगत जा. कलावंतांना शास्त्राचं वावडं असतं.

८ जून
बावीस रद्द. कारण लिहिण्यासारखं नाही. लेक कानात कापूस घालून जेवली.

११ जून, ऑफिसात
सापडलं! एकतीस!
बस डेपोत ड्युटीचा तक्ता करताना सुचलं. वाईट पाळ्या सगळ्यांना थोड्याथोड्या वाटल्या की सगळेच कुरकुरतात. त्याऐवजी सगळ्या एकाच ड्रायव्हरच्या गळ्यात घालायच्या, जो बोलत नाही. बाकी डेपो खूश. सुरांचंही तेच. एकतीसांतले बारा असे निवडायचे की सगळा बेसूर एका कोपऱ्यात गोळा होईल. हिचं गाणं पांढरी दोनमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला सा धरून. कचरा ढकलला शेजारच्या काळी एककडे. तिकडे कोण जातंय?
(त्या ड्रायव्हरनं आज बदलीचा अर्ज दिला. का ते कळत नाही.)

१५ जून
आज ही गाता गाता थांबली. मला वाटलं, पुन्हा गंधार. पण म्हणाली, आज छान वाटतंय हो, सुरांनी मांडीवर घेतल्यासारखं वाटतंय. हे असंच राहू द्या.
राहू देणार. कार्यक्रमापर्यंत कीबोर्डला हात लावायचा नाही.

१६ जून
फक्त एक सूर हलवला.

१८ जून
परत आणला. मध्ये थोडा वेळ त्रेपन्न तुकडे करून पाहिले. फक्त पाहिले. हिनं कीबोर्डची वायर काढून कपाटात ठेवली. चावी लेकीकडे.
झोप लागत नाही. एकेचाळीसचं काय?

२८ जून, सकाळी
आज कार्यक्रम. लेकीनं वायर काढून दिली. हिचा घसा बसला आहे. हिनं समूहाच्या बाईंना, म्हणजे आमच्या संचालिकांना, फोन केला. म्हणाल्या, घाबरू नकोस गं, अर्धा सूर खाली घे, काळी एकमध्ये गा, निभावून जाईल.

२८ जून, दुपारी
शांतपणे विचार केला. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण आहे. दाबलं की बोटं तीच राहतात आणि अख्खी रचना अर्धा सूर खाली उतरते. हीसुद्धा म्हणाली, अहो, ते बटण दाबा ना, वरच्या मजल्यावरचा पोरगा दाबतो तसं.
तसं म्हणजे कसं? ते नवशिक्यांचं बटण आहे. वर त्याचा लाल दिवा लागतो. पहिल्या रांगेत संगीत कॉलेजचे प्राध्यापक बसणार. मी हातानंच काळी एकमध्ये वाजवणार. कोपऱ्यात थोडा बेसूर आहे हे मान्य. पण हॉल मोठा आहे, पसरून जाईल.

२९ जून
एकंदरीत सुरुवात चांगली झाली. मी पहिला कॉर्ड वाजवला. पहिल्या रांगेतल्या दोघातिघांनी आपापले फोन तपासले. ही पहिल्या ओळीत माझ्या सुरांमागे गेली, परत आली, पुन्हा गेली. दुसऱ्या ओळीत थांबली आणि माझ्याकडे बघून हात वर केला. मला वाटलं आवाज वाढवा म्हणतेय. वाढवला.
मग माइकमधून स्पष्ट ऐकू आलं, "अहो, थांबा."
थांबलो. तिनं डोळे मिटले आणि काहीही साथ न घेता पहिल्यापासून गायली. घसा बसलेला होता, तरी शेवटपर्यंत कुणी खोकलंही नाही. प्राध्यापक उभे राहिले. मीही उठून नमस्कार केला, पण ते त्या वेळी दुसरीकडे बघत होते.
घरी येताना सांगितलं की दोष रचनेचा नव्हता, पट्टी बदलण्याचा होता. लेक मागून म्हणाली, "बाबा, सगळा कचरा ज्या कोपऱ्यात ढकललात, तिथेच आईला नेऊन उभं केलंत."
मुलीला सिद्धांत कळला, हे काय कमी आहे?

२ जुलै
समूहाची बैठक. यापुढे साथीशिवाय गायचं, असं एकमतानं ठरलं. म्हणजे माझ्या प्रयोगानं समूहाला नवी दिशाच दिली. बाईंना तसं म्हटलं. त्या म्हणाल्या, जाताना तेवढ्या खुर्च्या एकावर एक ठेवाल का?

६ जुलै
प्राध्यापकांनी हिला कॉलेजात गायला बोलावलं आहे. एकटीला. रियाज आतल्या खोलीत, दार लावून.
सूर मोजायचं यंत्र घेऊन बाहेर बसलो. तिचा एक सूर फार सुंदर लागत होता. मोजला. बारांत बसेना. एकतीसांत बसेना. त्रेपन्नांतही नाही. प्रत्येक वेळी काटा थोडा वेगळीकडे, आणि प्रत्येक वेळी बरोबर.
दार किंचित उघडून विचारलं, हा कुठून आणलास? म्हणाली, कुठला? म्हटलं, आत्ताचा. तिनं माझ्या हातातल्या यंत्राकडे बघितलं. मग म्हणाली, "बसायचं असेल तर आत येऊन बसा. ते बाहेर ठेवा."
विचार करून सांगतो म्हटलं. यंत्र अजून हातातच आहे. तिनं दार लावून घेतलं.